गुरुवारी हलणारा ठिपका

१

सकाळी घोड्यांना पाणी दाखवून झालं की तिलेक तळ्याच्या काठी जाई, जमिनीत एक खुंटी ठोके आणि तिच्या डोक्यावर आपला मोबाइल रबरी पट्टीने आवळून बांधे. मोबाइल दर काही क्षणांनी एक फोटो घेत बसे. दिवसभर तिलेक तिकडे फिरकत नसे. संध्याकाळी मेंढरं माघारी आली की तो मोबाइल सोडून आणी आणि अख्खा दिवस एका मिनिटात बघे. त्या मिनिटात ढग ओतल्यासारखे वाहत. डोंगरांच्या सावल्या पाय लांब करीत. मेंढरं सुपातल्या दाण्यांसारखी इकडून तिकडे उडत. माणसं मात्र धड दिसत नसत. त्याची आई कालिचा बादली घेऊन पाण्यावर आली-गेली तरी नुसती फडफड, दिव्यावरून पाकोळी गेल्यासारखी. जे जागचं हलत नाही तेवढंच स्वच्छ उमटे. दगड, घोडे बांधायचा खांब, लोकरीचा गोल तंबू.

तिलेक याला टाइमलॅप्स म्हणे. त्याचा बाप जुमाश 'घाईचा पिक्चर' म्हणे, आणि म्हणून झाल्यावर बाजूला थुंके.

थुंकायला कारण होतं. मागच्या वर्षी याच काठावर, याच खुंटीवर, हाच मोबाइल बांधलेला होता. तळ्यावरचा बर्फ फुटतानाचा पिक्चर तिलेकला काढायचा होता. त्या दिवशी एक गाभण घोडी बर्फावर गेली आणि तिला आणायला थोरला बेकतूर तिच्यामागे गेला. घोडी परत आली. बेकतूर आला नाही. तालुक्याहून माणसं आली, त्यांनी गळ टाकले, होडी फिरवली. तळ्याने काही दिलं नाही.

मोबाइलने मात्र सगळं पाहिलं होतं. जुमाशने तो पिक्चर एकदाच बघितला. पांढऱ्या बर्फावर एक काळा ठिपका चालला होता. मग ठिपका नव्हता. पापणी लवते तेवढ्यात.

"माझा पोरगा किती वेळ बुडत होता?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

तिलेक खाली मान घालून उभा होता. "यात कळत नाही, बाबा."

"तू कुठे होतास?"

"टेकडीमागे. शेणी गोळा करत होतो."

"हाक ऐकू आली नाही?"

"नाही."

या 'नाही'वर जुमाशने विश्वास ठेवला नाही. टेकडी कुठे परदेशात नव्हती. त्याच्या मनाने घेतलं की पोरगा तिथेच उभा होता, आणि आपल्या पिक्चरमध्ये आपणच आडवे येऊ नये म्हणून हलला नाही. वर्षभर हा विचार त्याने निखाऱ्यासारखा राखेखाली जपला होता. रोज फुंकर घालत होता.

२

बेकतूर पहिला मुलगा. पहिलं मूल आजी-आजोबांच्या मांडीवर द्यायची त्यांच्याकडे रीत. ते आजोबांनाच बाप म्हणतं आणि खऱ्या बापाला थोरला भाऊ. बेकतूर जन्मभर जुमाशला 'दादा' म्हणाला आणि कालिचाला 'वहिनी'. आजी-आजोबा गेल्यावर तो या तंबूत राहायला आला तेव्हा मिसरूड फुटलेला बाप्या होता. जिभेला लागलेलं वळण सुटलं नाही. 'बाबा' फक्त तिलेक म्हणायचा. जुमाशला कधी वाटे, एकदा बसवून सांगावं त्याला, अरे मी बाप आहे तुझा. पण असलं कोणी सांगतं का? राहून गेलं.

कबर नव्हती. मुल्ला म्हणाले होते, नावाची का होईना, कबर बांधा. जुमाश त्यांच्यावर धावून गेला होता. "रिकाम्या खड्ड्यावर माती लोटू? माझं पोरगं काय मांजर आहे, हरवलं म्हणून सोडून द्यायला?"

तेव्हा कालिचाने आपल्यापुरतं जमेल ते केलं. दर गुरुवारी ती कढई चढवी, कणकेचे चौकोनी तुकडे तेलात सोडी आणि फुगलेले बोरसोक जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर ओती. गेलेल्या माणसाला तळणीचा वास पोचतो, तेच त्याचं जेवण. मग दोन्ही तळवे तोंडावरून फिरवून ती बेकतूरचं नाव घेई. तंबूचं दार त्या वेळी उघडं ठेवी.

शेजारच्या तंबूतली झूरा आपा एकदा दारातून डोकावली. तिची जीभ म्हणजे कात्री. "कालिचा, मी म्हणते, ज्याला कबर आहे त्याला वास कबरीत पोचतो. तुझा पोरगा कुठे बसून खाणार गं?"

"आपा, तुम्ही खायला आलाय का बोलायला?"

"दोन्ही," असं म्हणून झूरा आपाने मूठभर बोरसोक ओच्यात घातले. पण त्या दिवशी ती बसली नाही.

३

पहिल्यांदा तिलेकलाच दिसलं. त्याने तीन-चार आठवडे कोणाला सांगितलं नाही. मोबाइलची काच सदऱ्याने पुसली, मग थुंकी लावून पुसली, मग मोबाइलची दिशा जराशी बदलेल एवढी खुंटी ब्लेडने तासली. शेवटी एका संध्याकाळी तो बापापुढे येऊन उभा राहिला. वर्षभरात आपणहून असा आला नव्हता.

"बाबा, एक बघता?"

"तुझे ढग तूच बघ."

"ढग नाहीत."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून जुमाशने मोबाइल हातात घेतला. तळं वितळून कधीचं निळं झालं होतं. पाण्यावर उन्हाचे तुकडे नाचत होते, इतके भराभर की डोळे दुखावेत. आणि त्या सगळ्या धावपळीत, पाण्याच्या मधोमध, एक काळा ठिपका होता. तो नाचत नव्हता. लाटांबरोबर खाली-वर होत नव्हता.

"ओंडका असेल," जुमाश म्हणाला.

"ओंडका वाहतो."

"मग कोळ्यांनी जाळ्याची खूण टाकली असेल."

"इथे कोळी कुठले? आणि बाबा, दिवसा बघा ना तुम्ही. तिथे काही नसतं."

जुमाश उठून दारात गेला. अजून भरपूर उजेड होता. तळं सपाट पडलं होतं, ताटात ओतलेल्या दुधासारखं. ठिपका नव्हता.

"यंत्र नासलंय तुझं," तो म्हणाला. "चांगलं झालं."

"तो हलतो," तिलेक हळूच म्हणाला. "रोज नाही. फक्त गुरुवारी. दुपारी आई तळायला बसली की थोडासा काठाकडे येतो. मग थांबतो."

जुमाशने त्याच्या थोबाडीत मारली. एवढ्या वर्षांत मारली नव्हती ती मारली. तिलेकने गालाला हातही लावला नाही. त्याने फक्त मोबाइल मागे घेतला, जपून, जसं झोपलेलं मूल घेतात.

४

मारलं खरं, पण त्यानंतर जुमाशला चैन पडेना. मेंढरांमागे फिरताना तो मनाशी हिशेब लावी. काचेवर चरा असेल. पण चरा गुरुवार बघून सरकत नाही. पोरगा खोटं करत असेल, या मोबाइलात काय वाटेल ते करता येतं म्हणतात. पण मग पोरगं झोपेत का ओरडतं?

पुढच्या गुरुवारी तो कढईजवळ मुद्दाम बसला. कालिचाने कणीक सोडली, तेल चरचरलं, वास दारातून बाहेर गेला. बाहेर कुत्रा पडला होता. तो उठून बसला, तळ्याकडे तोंड करून. भुंकला नाही. शेपटी मात्र एकदा जमिनीवर आपटली, ओळखीचं माणूस लांबून दिसल्यावर आपटतो तशी.

संध्याकाळी जुमाशने स्वतः जाऊन मोबाइल सोडून आणला. "लाव," तो म्हणाला.

ठिपका आता ठिपका उरला नव्हता. काठाजवळच्या उथळ पाण्यात तो उभा होता, माणसाएवढा उंच. वरचा भाग जरा पुढे झुकलेला. ओझं घेऊन चढ चढणारा माणूस झुकतो तसा.

तिलेकने बापाकडे पाहिलं. घाबरून मिठी मारायला आलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं.

आणि जुमाशला, खरं सांगायचं तर, भीती वाटली नाही. त्याच्या छातीत काहीतरी कडकडीत पेटलं. येतोय, त्याला वाटलं. माझा पोरगा येतोय. कोणी ऐकलं आणि कोणी नाही, ते आता तोच सांगेल.

तो कालिचाकडे वळला. "उद्यापासून रोज तळ."

"रोज?" तिचा चेहरा उजळला. बिचारीला वाटलं, नवऱ्याचं मन वितळलं. "तिलेकचे बाबा, पीठ पुरायचं नाही हो."

"मी आणतो पीठ. तुझ्या पोराला भूक लागली असेल."

तिलेक मागे म्हणाला, "बाबा, नको."

"का रे? तुला काय अडचण आहे? तू तर टेकडीमागे होतास ना?"

५

त्या आठवड्यात तंबूत सारखा तेलाचा वास कोंदून राहिला. कालिचा तळताना गुणगुणे. झूरा आपाने गुरुवार नसताना तिला पीठ चाळताना पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या माणसांनी तंबू उतरवला आणि चराई बदलली. जाताना ती घोड्यावरून ओरडली, "जुमाश, लेका, दार लावून घेत जा!" जुमाशने तिला हातवारे करून घालवून दिलं.

तिलेकने मोबाइल बांधायचं सोडलं होतं. जुमाश बांधू लागला. कुठलं बटण दाबायचं ते त्याने पोराकडून दरडावून शिकून घेतलं.

मेंढरं विचित्र वागत होती. तळ्याच्या काठावरच्या गवतात चरताना एका जागी ती दुभंगत, जागेला वळसा घालत आणि पलीकडे पुन्हा एक होत. मधे गवत उभंच्या उभं, लुसलुशीत. एका दुपारी जुमाश काठी घेऊन तिथे गेला. गवत थंडगार होतं आणि ओलं होतं, भर उन्हात. त्याने हवेत काठी फिरवली. काठी कशालाही लागली नाही.

"बेकतूर?" तो म्हणाला.

वारा होता. लांब कुठेतरी घोडी खिंकाळली. तो तिथे खूप वेळ उभा राहिला, म्हातारपणी माणूस एखाद्या खोलीत जातो आणि का आलो ते विसरतो तसा. मग परतला.

संध्याकाळी त्याने पिक्चर लावला. स्वतःला पाहिलं: एक फडफडणारी करडी चिंधी, हातात काठीची रेघ. आणि त्या चिंधीच्या इतकं जवळ की श्वास अंगाला लागावा, तो उभा होता. स्वच्छ. टोपीच्या कडा दिसत होत्या. अंगावरचा कोट कालिचाने शिवलेला होता, त्याची एक बाही दुसरीहून आखूड झाली होती; तीही दिसत होती. जुमाशने काठी फिरवली तेव्हा ती त्याच्या छातीतून गेली होती.

त्याने बापाकडे पाहिलंच नव्हतं. त्याचं तोंड तंबूकडे होतं. दाराकडे.

जुमाशने पिक्चर मागे नेऊन पुन्हा लावला. बाप शेजारी उभा असताना पोरगा त्याच्याकडे बघत नाही. का? कोणासाठी निघालाय हा?

६

तिलेक तापाने फणफणला. चार दिवस त्याच्या पोटात अन्न ठरलं नव्हतं. तो तंबूच्या उजव्या अंगाला गोधडीत पडून होता आणि दाराकडे बघत होता. जुमाश त्याच्याजवळ बसला. त्याने तेच जुनं विचारलं.

"हाक ऐकू आली होती?"

तिलेकने गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, "आली होती."

तंबूच्या माथ्यावरच्या गोल झरोक्यातून उन्हाचं वर्तुळ आत पडलं होतं, ते सतरंजीवरून सरकत होतं. जुमाश त्या वर्तुळाकडे बघत राहिला.

"मी टेकडीवरून धावत आलो, बाबा. बेकतूर कमरेपर्यंत पाण्यात होता. हात वर केला होता त्याने. मला म्हणाला, दोर आण. दोर आणायला वेळ कुठे होता? मी बर्फावर गेलो. दोन पावलं गेलो असेन. खालून आवाज आला, कडकड, सगळ्या तळ्यातून. मी मागे आलो." त्याचे दात वाजत होते. "मी काठावर आलो आणि त्याच्याकडे पाठ केली. मला बघवेना. तो हाका मारत होता आणि मी पाठ करून उभा होतो. मग हाका थांबल्या."

"पिक्चरमध्ये तू नाहीस."

"मी तेवढं कापून टाकलं."

वर्षभर जुमाशने या उत्तरासाठी रक्त आटवलं होतं. उत्तर आलं की काय करायचं तेही ठरवलं होतं. चाबूक कुठे टांगलाय ते त्याला माहीत होतं. पण समोर पडलेल्या पोराचे कान तापाने लाल झाले होते, आणि ते अगदी लहानपणी व्हायचे तसेच लाल झाले होते. दोन पावलं तरी तो बर्फावर गेला होता. त्या बर्फावर जुमाश स्वतः गेला असता का?

"गाढवा," तो म्हणाला. "हे आधी सांगायला काय झालं होतं? वर्ष घालवलंस माझं."

"तुम्ही मारलं असतं."

"मारलंच असतं. मारलं असतं आणि संपलं असतं."

तो उठला. दोन ढांगांत चुलीपाशी गेला, कढई उचलली आणि गरम तेल बाहेर गवतावर फेकून दिलं. कालिचा किंचाळली.

"काय करताय! माझ्या लेकराच्या तोंडचं!"

"एक लेकरू आत पडलंय, ते दिसत नाही तुला?" तो ओरडला. "बास झालं तळण! बास म्हणजे बास!"

मग त्याने काठावरून मोबाइल उपटून आणला आणि त्या दिवसाचा पिक्चर बघितला. बेकतूर घोडे बांधायच्या खांबापाशी पोचला होता. खांबावर एक हात टेकला होता. दमलेला माणूस दारी आला की टेकतो तसा.

७

दुसऱ्या दिवशी जुमाशने मोबाइल तंबूच्या आत बांधला. दारासमोरच्या मानाच्या जागी, दाराकडे तोंड करून. संध्याकाळी त्याला खात्री करून घ्यायची होती. मग तो स्वतः उंबऱ्यात जाऊन उभा राहिला, बाहेर तोंड करून, दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून.

दार लावता आलं असतं. पण लाकडाच्या एका फळीवर त्याचा भरवसा नव्हता. आपल्या अंगावर होता.

खांबापाशी कोणी नव्हतं. कुत्रा खांबाकडे बघत बसला होता.

"ऐक," जुमाश रिकाम्या खांबाला म्हणाला, आधी हळू, मग मोठ्याने. "ऐक बेकतूर. तू बुडालास त्याला हा कारण नाही. मी चुकलो, मी तुला भलत्याच गोष्टीसाठी बोलावलं. आता मागे फिर. ऐकतोयस ना? मी नावाची कबर बांधतो तुझी, उद्या बांधतो, दगड आणतो चांगला. पण याला हात लावायचा नाही. एक पोरगा मी तळ्याला दिलाय. दुसरा देणार नाही. तुला नाही देणार. माझा असलास तरी नाही देणार! समजलं? थोरला ना तू? मग थोरल्यासारखा वाग!"

त्याचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. घोडे माना वर करून बघू लागले. बोलता बोलता तो रडत होता आणि रडतोय म्हणून आणखी चिडत होता. गेलेल्यावर माणूस इतका रागावू शकतो हे त्याला माहीत नव्हतं.

ऊन चढलं. पाय भरून आले. तो हलला नाही.

मग मागून वास आला. तळणीचा.

"कालिचा!" तो न वळता ओरडला. "काय चाललंय?"

"आज गुरुवार आहे," कालिचा म्हणाली. तिचा आवाज दगडासारखा होता. "तेल फेकलंत. मेंढीची चरबी आहे माझ्याकडे. गुरुवार मी चुकवणार नाही. मी आई आहे त्याची, त्याने कधी म्हटलं नसलं म्हणून काय झालं."

"खाली उतरव कढई!"

"तुम्ही ओरडा. मी तळते."

दार सोडून आत जावं तर उंबरा मोकळा पडत होता. तो तसाच उभा राहिला, चौकट नखांनी धरून. वास त्याच्या काखेखालून, गुडघ्यांमधून बाहेर जात होता. कुत्रा उठला. हळूहळू दारापाशी आला, आणि मग एकाएकी बाजूला सरला, वाट देतात तसा. जुमाशच्या पोटऱ्यांना गार हवा लागली. कुत्रा शेपटी हलवत आता तंबूच्या आत बघत होता.

चरबीच्या वासाने हावरटपणा करतोय, जुमाशला वाटलं. त्याने पायाने त्याला हाकललं.

८

तिसऱ्या प्रहरानंतर मागून हसण्याचा आवाज आला. तिलेक उठून बसला होता. त्याने चहा मागितला, मग बोरसोक मागितले. मग तुटलेला लगाम मांडीवर घेऊन तो शिवू लागला. मधेच उठून चुलीत शेणी सारून आला. ताप उतरला होता. कालिचा त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि डोळे पुसत होती.

"हळू खा, चार दिवसांचा उपाशी आहेस," ती म्हणाली. तो आणखी हसला.

जुमाशने चौकटीवरून हात काढले तेव्हा ते आपले वाटत नव्हते. बाहेर खांबाची सावली लांब पडली होती, घोडे चरत होते, मेंढरं काठावरून एका ओळीत येत होती आणि कुठेही दुभंगत नव्हती. गेला, त्याला वाटलं. ऐकलं त्याने. शेवटी माझाच पोरगा.

तो आत येऊन बसला. कालिचाने त्याच्यापुढेही चहा ठेवला, मुकाट्याने. भांडण उद्या पुरं करू असा त्याचा अर्थ होता. त्याने मोबाइल सोडला आणि पिक्चर लावला, फक्त खात्रीसाठी.

उन्हाचं वर्तुळ सतरंजीवरून वाहत होतं. दारात एक करडी चिंधी थरथरत होती, तो जुमाश. चुलीभोवती कालिचाची पाकोळी. उजवीकडे गोधडीत तिलेक, कुशी बदलत, हात झटकत, उठत, पडत, एक सततची फडफड. खांब दाराच्या चौकटीतून दिसत होता. खांबापाशी तो उभा होता.

वर्तुळ चुलीपाशी आलं. कढईतून धूर निघाला. दारात कुत्र्याची सावली एकदा चमकली. खांबापाशी कोणी नव्हतं.

आणि गोधडीतली फडफड थांबली.

तिलेक उठून बसलेला होता. तिथून पुढे पिक्चर संपेपर्यंत तो तसाच बसलेला होता. त्याने चहा घेतला नाही, लगाम शिवला नाही, चुलीपाशी गेला नाही. त्याच्याभोवती कालिचा फडफडत होती, दारात बाप थरथरत होता, उजेड येत-जात होता, आणि तो दगडासारखा स्वच्छ होता. सदऱ्याचा टाका अन् टाका दिसत होता. केस ओले होते, कपाळाला चिकटलेले. डोळे उघडे होते आणि सरळ मोबाइलकडे लागले होते.

जुमाशने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. वर बघायला त्याला फार वेळ लागला.

तिलेक चुलीजवळ बसून दोरा दाताने तोडत होता. त्याच्या बैठकीखालची सतरंजी काळी पडली होती आणि काळेपणा हळूहळू पसरत होता.

"दादा," तो म्हणाला, तिलेकच्याच आवाजात, "दार लावा ना. गार लागतंय."

कालिचाचा हात थाळीवर थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने उरलेले बोरसोक थाळीत काढले आणि थाळी त्याच्या पुढे सरकवली.

जुमाश उठला आणि त्याने दार लावून घेतलं.